खर्जाची किंमत

आत्ता ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्यावर एखादं आवडतं गाणं लावा. हेडफोन नको, फोनचाच स्पीकर. गायकाचा आवाज येईल, ड्रमचा फटका येईल, गिटार येईल. आता त्यातला बेस शोधा. सापडल्यासारखा वाटेल, पण तो तिथे जवळजवळ नाहीच. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ वेळा थरथरते. फोनच्या स्पीकरचा दम दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली सुटत जातो. मग आपल्याला सूर कळतो कसा? तर त्या तारेतून ४१ बरोबरच ८२, १२४, १६५ असे वरचे स्वरही निघत असतात. वरचे पुरेसे ऐकू आले की मेंदू त्यांचा हिशोब लावतो आणि तळातला, न आलेला स्वर स्वतःच भरून काढतो.

म्हणजे फोनवर गाणं ऐकणारा माणूस बेस ऐकण्यापेक्षा त्याचा अंदाजच जास्त बांधत असतो. आणि हा अंदाज चांगला बांधला जावा म्हणून काही माणसं एका वाद्यासाठी आठ-नऊ लाख रुपये मोजतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक व्हायच्या मी अगदी बेतात होतो.

कारण हौस नव्हतं. पंधरा वर्षं मी बेस वाजवतोय. दिवसा नोकरी, शनिवार-रविवार पुण्यातले पब, कॉलेजांची गॅदरिंग, कधी कुणाच्या रेकॉर्डिंगला. माझा बेस जॅझ बेसच्या धाटणीचा, सेकंडहँड घेतलेला, वजन पाच किलोला टेकलेलं. दोन वर्षांपूर्वी डावं मनगट दुखायला लागलं. मग खांदा. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "हे वाजवणं थांबवता येईल का?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग निदान वाद्य तरी बदला."

तेव्हापासून मी महागड्या बेसबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. आणि लक्षात आलं, की या वाद्यांवर जे लिहिलं जातं त्यातलं बहुतेक चुकीच्या गोष्टीबद्दल असतं. सगळे टोनबद्दल लिहितात. उबदार, कुरकुरीत, मलईदार, काचेसारखा स्वच्छ. जणू परीक्षण वाद्याचं नाही, फराळाच्या ताटाचं चाललंय. हाताला काय वाटतं, याबद्दल शेवटी एखादं वाक्य: "नेक आरामदायी आहे." माझ्यासाठी सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता.

दोन फेंडर, दोन माणसं

महाग बेस कशाहून महाग आहे हे कळायला आधी साधा बेस कळायला हवा. लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी बँडमधला बेसवाला माणसाच्या उंचीचा डबल बेस टॅक्सीच्या टपावर बांधून हिंडायचा आणि ड्रम वाजायला लागले की त्याचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही. फेंडरने तो गळ्यात अडकवता येईल एवढा केला, तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि पट्टीवर फ्रेट बसवले. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९५७ मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला: जाड दोन तारांचा तुकडा किंचित नेककडे, बारीक दोन तारांचा किंचित ब्रिजकडे. आजही प्रिसिजनचा आवाज म्हणतात तो या तिरक्या बसलेल्या दोन तुकड्यांचा. १९६० मध्ये जॅझ बेस आला. दोन पिकअप, टोकाला अरुंद होत जाणारी नेक, आवाजाच्या अधिक छटा.

आता या दोन वाद्यांवरची दोन माणसं पाहा.

जेम्स जेमरसन हा मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांचा बेसवाला. वाद्य १९६२चं प्रिसिजन. त्यावर जाडजूड, चपट्या वेटोळ्यांच्या तारा, ज्या तो सहसा बदलत नसे. ब्रिजच्या झाकणाखाली फोम, म्हणजे तार फार वेळ घुमणार नाही. उजव्या हाताचं एकच बोट. आजच्या कुठल्याही परीक्षकाने हे वाद्य हातात घेतलं तर म्हणेल: तारा मेलेल्या आहेत, सस्टेन नाही, नेक जाड आहे, तारा पट्टीपासून फार उंच आहेत. आणि तरी ती गाणी लावलीत की पाय हलतो तो या मेलेल्या तारांमुळे. स्वर उमटतो, आपलं काम करतो आणि पुढच्याला जागा करून देतो.

दुसरा जाको पास्टोरियस. त्याच्याकडे जॅझ बेस, तोही १९६२चाच. त्यातले फ्रेट काढून टाकलेले. तारेच्या धातूने उघडं लाकूड झिजू नये म्हणून पट्टीवर बोटींना लावतात ते इपॉक्सी थापलेलं. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम सुरू होतो तो फक्त बेस आणि काँगाच्या जोडीने, आणि बेस तिथे गातो. ब्रिजजवळच्या पिकअपचा नाकातला आवाज, आणि फ्रेट नसल्यामुळे प्रत्येक स्वराच्या मागे उमटणारा तो "म्वाऽऽ".

त्या "म्वा"ला आपल्याकडे शब्द आहे, तो म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अशा बेताने घासलेला असतो की थरथरणारी तार तिला निसटती शिवत राहते, आणि त्या शिवण्यातून वरचे स्वर फुलतात. फ्रेटलेस बेसवर हेच काम सपाट पट्टी करते. मिरजेच्या सतारमेकरांकडे जवारी काढणं हे वेगळं कसब मानलं जातं. भोपळा चांगला, लाकूड चांगलं आणि जवारी बिघडलेली असेल तर तो तंबोरा गवयाच्या कामाचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बॅटरी आली

महाग बेसचा जन्म साधारण १९७० च्या आगेमागे झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळ, ग्रेटफुल डेड या बँडच्या गोतावळ्यात, अलेम्बिक नावाचं वर्कशॉप १९६९ मध्ये सुरू झालं. अलेम्बिक म्हणजे जुन्या किमयागारांचं अर्क काढायचं भांडं. त्यांनी प्रश्न विचारला: तारेत जे घडतं ते सगळंच्या सगळं स्पीकरपर्यंत का पोहोचत नाही? साध्या पिकअपमधून निघालेला क्षीण सिग्नल लांब केबलमधून जाताना वरचे स्वर गमावतो. अलेम्बिकने वाद्याच्या पोटातच प्रीअँप बसवला. नेक अनेक लाकडांच्या पट्ट्या चिकटवून केली आणि ती बॉडीच्या आरपार नेली. स्टॅनली क्लार्कच्या १९७६ च्या "स्कूल डेज"मध्ये हा आवाज ऐका. पियानोच्या डाव्या हातासारखा स्वच्छ, पुढे येणारा. बेसवाला पहिल्यांदाच मागच्या रांगेतून उठून मधोमध उभा राहिला, आणि त्याला उभं करण्यात या बॅटरीचाही हात होता.

त्याच १९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला. लिओ फेंडर आपली कंपनी १९६५ मध्येच विकून बसला होता, आणि हे त्याच्या दुसऱ्या डावातलं वाद्य. एकच मोठा पिकअप ब्रिजच्या बाजूला, आत बॅटरीवरचा प्रीअँप. "शिक"च्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या हातातला स्टिंगरे डिस्कोच्या काळातल्या कितीतरी पायांना आठवत असेल. एका मित्राच्या स्टिंगरेवर मी काही कार्यक्रम वाजवलेत. तो आवाज गर्दीत कोपराने वाट काढत पुढे येतो. त्याच्या अंगी नाजूकपणा नाही, तसा त्याचा दावाही नाही.

अलेम्बिक आणि स्टिंगरे एकाच वर्षात शेजारी ठेवले की महाग आणि मध्यम वाद्यातला फरक नीट दिसतो. अलेम्बिक म्हणतो, मी सगळं ऐकवतो, तू निवड. स्टिंगरे म्हणतो, मी हे एवढंच ऐकवतो, पण ते कुणाला चुकवता येणार नाही. नवशिक्याला पहिलं वाक्य मोठं वाटतं. पंधरा वर्षांनी मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

दुरुस्तीवाल्यांची घराणी

न्यूयॉर्कचा रॉजर सॅडोवस्की मुळात दुरुस्ती करणारा. १९७९ मध्ये त्याने शहरात दुकान थाटलं. स्टुडिओतले वादक आपापले फेंडर घेऊन यायचे आणि तो फ्रेट घासायचा, आतून तांब्याचं किंवा रंगाचं आवरण देऊन गुणगुण काढायचा, प्रीअँप बसवायचा. मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसवर त्याने केलेलं काम पुढे एका पिढीच्या कानात बसलं. सॅडोवस्कीने नंतर स्वतःचे बेस बनवले ते म्हणजे, माझ्या मते, आधीच दुरुस्त करून दिलेला जॅझ बेस. फ्रेट एका पातळीत, बॉडी आतून पोकळ कप्पे ठेवून हलकी केलेली, प्रीअँप मर्यादित आणि उपयोगी.

ब्रुकलिनमध्ये १९८३ मध्ये व्हिनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी फोडेरा सुरू केली. व्हिक्टर वूटनच्या हातातला तो चार तारांचा, फुलपाखराचं चिन्ह असलेला बेस तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल. सहा तारांच्या बेसचा ध्यास घेतलेला अँथनी जॅक्सनही पुढे फोडेराकडेच वळला. त्याच्यासाठी तारेची लांबी ३६ इंचांपर्यंत वाढवली गेली.

या लांबीत खरं शास्त्र आहे. पाच तारांच्या बेसची पाचवी तार ३१ हर्ट्झच्या आसपास असते. ती जाड, म्हणून ताठ. ताठ तारेचे वरचे स्वर आपापल्या जागेवरून किंचित वर सरकतात आणि सूर गढूळ होतो. तार लांब केली की ताण वाढतो आणि स्वर स्वच्छ होतो. कॅनडाच्या डिंगवॉलने यावर वेगळा तोडगा काढला: फ्रेट पंख्यासारखे तिरके, त्यामुळे जाड तार ३७ इंच आणि सगळ्यात बारीक ३४ इंच. पियानोत खर्जाच्या तारा लांब असतात, तसंच. दिसायला विचित्र, पण त्यामागे कारण आहे. महाग वाद्यात पैसा कुठे जातो, याचं हे मला पटलेलं एक उत्तर.

दुसरं उत्तर नेकमध्ये आहे. साध्या बेसवर बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या टापूत बहुधा एखादा स्वर असा सापडतो, जो लावताक्षणी विझतो. कारण नेकचं स्वतःचं एक कंपन असतं. स्वर त्या कंपनाशी जुळला की नेक तारेची शक्ती गिळते. चांगले कारागीर अनेक पट्ट्यांची ताठ नेक करतात, कुणी आत ग्रॅफाइटच्या कांड्या घालतात, तर नेड स्टाइनबर्गरने ऐंशीच्या दशकात लाकूडच काढून टाकून अख्खं वाद्य ग्रॅफाइटच्या मिश्रणातून ओतलं. प्रत्येक स्वर सारखा मिळावा यासाठी हा सगळा खटाटोप.

तीन आठवडे

गेल्या जुलैत न्यू जर्सीहून एक मित्र सुटीवर आला. सोबत पाच तारांचा फोडेरा. पुढे तो घरच्यांबरोबर फिरायला उत्तरेत गेला आणि तीन आठवडे वाद्य माझ्याकडे ठेवून गेला. "विकायचाय. तुला हवा असेल तर तुझ्यासाठी साडेसात," असं म्हणून. साडेसात म्हणजे साडेसात लाख. नवा घ्यायचा तर यापेक्षा बरंच जास्त. माझ्या खात्यात घराच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे होते. बायको म्हणाली, "तुझं मनगट आहे, तू ठरव." याहून अवघड परवानगी मला कधी मिळालेली नाही.

पहिल्या रात्री मी अँप लावलाच नाही. बेसवाल्यांची एक जुनी सवय असते: वाद्याच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवायची. आवाज मग हाडांतून येतो. माझ्या वाद्यात काही स्वर दणकट, काही बसके. या वाद्यात खालपासून वरपर्यंत सगळे सारखे, जणू एकाच माणसाने उच्चारलेले. वजन सव्वाचार किलोच्या आसपास, आणि पट्टा लावून हात सोडले तरी नेक जागची हलत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल. नेक खाली झुकणाऱ्या बेसवर डावा हात एकाच वेळी वाजवतही असतो आणि वाद्य उचलूनही धरत असतो. दोन तासांच्या कार्यक्रमात त्या हाताने किती वजन तोललं, हे दुसऱ्या दिवशी मनगट सांगतं.

जर्मनीच्या वॉरविकचा थम्ब बेस हा याचा उलटा धडा. देखणा, छोटी बॉडी, वेंगेची जड नेक, लॅकरऐवजी तेल-मेण लावलेलं लाकूड, गुरगुरणारा आवाज. जॅक ब्रूससारखा माणूस तो वाजवायचा. पण छोट्या बॉडीला लांब, जड नेक लावली की तराजू कुठे झुकणार हे उघड आहे. टोनसाठी केलेली निवड अशी हाताकडून वसूल होते.

आठवड्याभरात मनगटाची कुरकुर कमी झाली. मी जवळजवळ ठरवलंच होतं.

शिसवी पाट

मधे एक छोटी गोष्ट घडली. त्या फोडेराच्या पट्टीवरून बोट फिरवताना काहीतरी ओळखीचं लागत होतं. गार, घट्ट, किंचित तेलकट. दोन दिवसांनी आठवलं, आजीचा शिसवी पाट. पट्टी ईस्ट इंडियन रोजवूडची होती. म्हणजे आपलं शिसम, सह्याद्रीच्या आणि मलबारच्या जंगलातलं. ब्राझीलच्या रोजवूडच्या व्यापारावर १९९२ मध्ये जवळपास बंदी आली. त्याच्या आधीपासूनच जगभरचे गिटारवाले आपल्या शिसमाकडे वळू लागले होते. २०१७ मध्ये या अख्ख्या कुळाच्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय परवान्याची अट लागली. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या बऱ्याच वाद्यांवर पाव फेरो हे दुसरं लाकूड लावलं. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

शिसमामुळे आवाज "उबदार" होतो, असं परीक्षणांत हमखास लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. पिकअप फक्त तारेचं हलणं टिपतो, त्याला लाकूड ऐकू येत नाही. तारेची दोन टोकं ज्यावर टेकली आहेत ते किती ताठ आहे एवढाच लाकडाचा थेट संबंध, आणि फ्रेटवर दाबलेली तार तर लाकडाला शिवतही नाही. फ्रेटलेसची गोष्ट वेगळी, तिथे पट्टीच जवारी करते. पण फ्रेट असलेल्या बेसवर बॉडीवर चिकटवलेला तो देखणा, लाटा-लाटांचा लाकडी पापुद्रा, ज्याचे वेगळे पैसे लागतात, तो डोळ्यांसाठी आहे. डोळ्यांसाठी असायला हरकत नाही. आजीचा पाटही बसायला कुठल्याही लाकडाचा चालला असता. फक्त त्याला टोन म्हणू नये.

कुणाला काय ऐकू आलं

मग मी एक प्रयोग केला. शास्त्रीय वगैरे नाही, घरगुती. एकच आठ मात्रांची चाल तीन वाद्यांवर रेकॉर्ड केली: माझा बेस, मित्राचा स्टिंगरे आणि फोडेरा. तिन्हींवर सारख्या नव्या तारा. बँडमधल्या तिघांना न सांगता ऐकवलं.

फोनवर कुणालाही काही फरक कळला नाही. हेडफोनवर तिघांनीही स्टिंगरे ओळखला, कारण तो लपत नाही. उरलेल्या दोनांत गोंधळ. गायिकेला माझा जुना बेस जास्त आवडला, "यात जरा मळ आहे" म्हणाली. फोडेरा तिला इस्त्री केलेल्या शर्टासारखा वाटला. मी मनातून खट्टू झालो.

पण ड्रमरने दोन्ही बरोबर ओळखले. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "टोन मला नाही कळला. पण पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये तू स्वर सोडायची घाई करतोयस. वरच्या स्वरावर जायच्या आधी खालचा तोडतोयस. या दुसऱ्यात तू शेवटपर्यंत थांबतोयस."

मी परत ऐकलं. खरं होतं. माझ्या वाद्यावर दूरच्या फ्रेटवर झेपावताना मनगट दुखतं, म्हणून हात वेळेआधी निघतो. दोन वर्षं मी प्रत्येक लांब उडीच्या आधीचा स्वर अर्ध्या श्वासाने आखूड वाजवत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

महागड्या बेसबद्दल मला जे म्हणायचंय ते या एका उत्तरात आहे. टोन आणि फील या दोन वेगळ्या रकान्यांत गुण देण्याच्या गोष्टी नाहीत. हाताला जे वाटतं ते स्वराच्या लांबीतून, तो कधी सुटतो यातून, दोन स्वरांमधल्या जागेतून ऐकणाऱ्यापर्यंत जातं. फोनच्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जात नाहीत, पण घाई जाते. आणि बेसचं मुख्य काम तर हेच आहे, स्वर किती वेळ राहील हे ठरवणं. जेमरसनच्या फोमने तेच केलं होतं, दुसऱ्या टोकाने.

म्हणूनच "पैशाने काही होत नाही, सगळं बोटांत असतं" हे वाक्यही मला आता खोटं वाटतं. ते सहसा ज्यांच्याकडे चांगलं वाद्य आहे असे लोक म्हणतात. नवीन शिकणारी मुलं वाकलेल्या नेकवर, तारा पट्टीपासून बोटभर उंच असलेल्या वाद्यावर महिनोन्‌महिने झगडतात आणि समजतात, आपल्यातच काही कमी आहे. वाद्य हाताशी भांडत असेल तर बोटांत असलेलंही बाहेर येत नाही.

जवारी

मग साडेसात लाख द्यायचे का?

मित्र परत यायला चार दिवस असताना मी एक यादी केली. फोडेरावर मनगट का दुखत नाही? वजन. तोल. तारांची उंची. फ्रेटची पातळी. नेकचा मागचा घाट. यातल्या नेकचा घाट सोडून कुठल्याच गोष्टीसाठी ब्रुकलिन लागत नव्हतं. माझा बेस मी पूर्वी एका ठिकाणी सेटअपला दिला होता. त्यांनी तारा बदलून, पुसून परत दिला आणि मी तोच सेटअप समजून बसलो होतो. पावसाळ्यात दमट हवेने नेक हलते, मार्चमध्ये लावलेली जुलैत तशीच राहत नाही, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.

या वेळी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो, जो गिटारींबरोबर सतारीही दुरुस्त करतो. मी मनगटाचं सांगितलं. त्यांनी मला वाजवायला लावलं, हाताकडे पाहत राहिले. चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या घरातला ताण नेकवर असतो. त्याला आतून तोलणारी कांडी त्यांनी पाव फेरा फिरवली, थांबले, परत वाजवायला लावलं. सहा फ्रेट घासले. डोक्यावरच्या वजनदार खुंट्या काढून हलक्या बसवायला सांगितल्या. पट्टा रुंद घे म्हणाले. आणि एक वाक्य म्हणाले, जे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो: "जवारी वाद्याची नसते, वाजवणाऱ्याची असते. दुसऱ्याच्या हाताची जवारी तुम्हाला कशी लागेल?"

सगळा खर्च चौदा हजार. बॉडीचं वजन मात्र तेच राहिलं. त्याला इलाज नव्हता, म्हणून पुढच्या दोन महिन्यांत मी तो बेस विकून एक हलका सेकंडहँड बेस घेतला आणि तोही त्याच कारागिरांच्या हातून लावून घेतला. एकूण साठ हजारांच्या आत. तो फोडेराच्या जवळ जातो का? मनगटाच्या बाबतीत, बराचसा. स्वरांच्या सारखेपणाच्या बाबतीत, नाही. सातव्या फ्रेटवरचा एक स्वर अजून लवकर विझतो, आणि मी तो दुसऱ्या तारेवर वाजवतो. फोडेरा या सगळ्यांपेक्षा चांगलं वाद्य आहे, यात मला शंका नाही. पण साडेसात लाखांतला मोठा भाग त्या विझणाऱ्या स्वराचा होता, आणि मला त्याच्या वळशाने जाणं परवडतं.

ज्याला रोज सहा तास स्टुडिओत बसायचंय, पाचव्या तारेवर पोट आहे, त्याने सॅडोवस्की घ्यावा, डिंगवॉल घ्यावा, जमलं तर फोडेरा घ्यावा, आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत. बाकीच्यांनी दुकानात जाताना कानाऐवजी एक गोष्ट तपासावी. अँप लावू नका. पट्टा लावा, उभे राहा, दोन्ही हात सोडा आणि वाद्य कुठे जातं ते बघा. मग दहा मिनिटं एकच संथ चाल वाजवा आणि रेकॉर्ड करा. घरी येऊन ऐका. कुठे घाई करताय? तिथे वाद्य तुम्हाला दुखवतंय.

मित्र जायच्या आदल्या रात्री मी फोडेरा केसमध्ये ठेवायच्या आधी शेवटचा वाजवला. अँप बंद, हनुवटी शिंगावर. सगळ्यात खालची तार छेडली आणि ती विझेपर्यंत थांबलो. बराच वेळ लागला. बायको बाहेरून म्हणाली, "काही वाजवतोयस का नुसताच बसलायस?" तिला भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं.